ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव : वाचावे असे एक चरित्र



२०२२ च्या मे महिन्यात इस्तंबूल येथे निजामाबादच्या निखत झरीनने मुष्टियुद्धाचे विश्वविजेतेपद जिंकले आणि पुढच्याच वर्षी दिल्लीत ते पुन्हा मिळवले. निजामाबाद म्हणजे बासरहून गाडीने गोदावरीचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात येणारे गाव. इतक्या जवळची मुलगी जगात पहिली येते म्हटल्यावर आपल्या शाळेतील मुलींनी वाचनालयात जाऊन बॉक्सिंग खेळणाऱ्यांची पुस्तके मागावीत, यात नवल नाही. आम्हाला त्याचा आनंदच झाला. एरवी वाचनालयाच्या तासाला गोष्टीची पुस्तके आणि स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शक यापलीकडे कोणी फारसे हात लावत नाही.

आमच्या कपाटात अशी दोन पुस्तके आहेत. पहिले मणिपूरच्या मेरी कोम यांचे आत्मचरित्र, जे २०१३ साली इंग्रजीत आले. त्याची भाषा सोपी आहे. आई झाल्यानंतर पुन्हा रिंगणात उतरणे म्हणजे काय, ते त्यात मोकळेपणाने सांगितले आहे. नववी-दहावीच्या मुलामुलींनी शिक्षकांच्या मदतीने ते जरूर वाचावे. दुसरे अमेरिकेच्या मोहम्मद अली यांचे, १९७५ सालचे, रिचर्ड डरहॅम या लेखकाच्या साहाय्याने लिहिलेले. ते मोठे आहे आणि शाळकरी मुलांना जड जाईल. शिवाय एक सावधगिरी बाळगावी लागते. रोम ऑलिंपिकचे सुवर्णपदक अलींनी रागाच्या भरात नदीत फेकून दिले, ही त्यातली सर्वात प्रसिद्ध गोष्ट. ती खरोखर तशी घडली की पदक नुसते हरवले, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. आत्मचरित्रात लिहिले आहे म्हणून प्रत्येक गोष्ट तशीच घडली असे मानू नये, एवढे मुलांना आधी सांगूनच ते पुस्तक हाती द्यावे.

परंतु मराठी वाचणाऱ्या मुलाने पहिले पुस्तक कोणते घ्यावे असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही मुष्टियोद्ध्याचे नाव सांगणार नाही, एका पैलवानाचे सांगू. क्रीडा पत्रकार संजय दुधाणे यांनी खाशाबा जाधव यांचे चरित्र मराठीत लिहिले आहे. त्याची प्रत यंदा आम्ही पुण्याहून मागवून घेतली. आपल्या मुलांना निखत झरीन ठाऊक आहे, ऑलिंपिकमध्ये वजन उचलून पदक मिळवणाऱ्या करणम मल्लेश्वरी तेलुगूच्या शिक्षकांमुळे ठाऊक आहेत, पण स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा माणूस आपल्या मराठी भाषेचा होता, हे सातवीच्या वर्गात विचारले तेव्हा कोणालाच सांगता आले नाही. मुलांचा दोष नाही. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या पाठ्यपुस्तकांत अशी नावे सहसा येत नाहीत. म्हणून या अंकात त्यांचे आयुष्य थोडक्यात सांगत आहोत.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात गोळेश्वर या गावी झाला. कराड हे कृष्णा आणि कोयना यांच्या संगमाचे शहर, आणि गोळेश्वर त्याच्या अगदी लगतचे खेडे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वात धाकटे. आपल्या बासरला लोक दुरून दुरून लेकरांना घेऊन येतात आणि सरस्वतीसमोर पाटीवर पहिले अक्षर काढून घेतात. दादासाहेबांनी आपल्या धाकट्याला साधारण त्याच वयात, पाचव्या वर्षी, आखाड्याच्या लाल मातीत उतरवले. आठव्या वर्षी खाशाबांनी त्या भागातल्या एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत पाडले अशी आठवण सांगितली जाते. पैलवानांच्या गोष्टी गावोगाव सांगताना थोड्या वाढतात, त्यामुळे मिनिटांचा हिशेब सोडून देऊ. मूल हाताबाहेरचे आहे हे घरच्यांना लवकर कळले, इतके नक्की.

१९४० पासून १९४७ पर्यंत ते कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले. ही वर्षे नीट पाहावीत. १९४२ च्या चले जाव चळवळीत सातारा जिल्हा पेटला होता. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार तिथलेच. खाशाबा तेव्हा सोळा वर्षांचे होते. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, इंग्रजांविरुद्धची पत्रके पोचवणे अशी कामे त्यांनी केली. शाळा, तालीम आणि हे काम, तिन्ही एका वेळी चालू होते. पुढे १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा ऑलिंपिकमध्ये आपला तिरंगा वर चढलेला पाहायचा, असे त्यांनी मनाशी ठरवले.

शाळेनंतर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची राजधानी. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे पैलवानांना आश्रय दिला, पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या आणि १९१२ साली खासबागचे मैदान तयार झाले. आजही त्या मैदानाचे नाव निघाले की जुने लोक कान टवकारतात. खाशाबांना तेथे बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्यासारखे मार्गदर्शक मिळाले. अंगाने ते काही धिप्पाड नव्हते. ठेंगणे, आटोपशीर, पण विजेसारखे चपळ. त्यांचा हुकमी डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याला पकडीत घेऊन आपल्या अंगावरून जमिनीवर आदळायचे, असा तो डाव. ज्यांनी माळेगावच्या जत्रेतली दंगल पाहिली आहे त्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक झाले. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये आपले बासर, निर्मल, आदिलाबाद, पलीकडचे धर्माबाद, नांदेड, हे सगळे अजून निजामाच्या राज्यात होते. पोलीस कारवाई त्याच वर्षी सप्टेंबरात झाली. म्हणजे खाशाबा लंडनमध्ये तिरंग्याखाली लढत होते तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांच्या गावात तो तिरंगा उघडपणे लावता येत नव्हता. ही तारीख आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्या मुलांना इतिहासाच्या पुस्तकातली पाने एकमेकांना जोडून पाहायची सवय नाही.

लंडनच्या प्रवासाला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. खाशाबा फ्लायवेट गटात उतरले. अडचण अशी झाली की तोपर्यंत त्यांचा सगळा सराव मातीवरचा होता. माती आणि मॅट यांत फरक काय, ते मुलांसाठी सांगतो. मातीवर पाय रुततो, घामाने अंग निसटू लागले तर मूठभर माती चोळता येते, आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागेपर्यंत कुस्ती चालते, मग तिला अर्धा तास लागो. मॅट गुळगुळीत असते, वेळ ठरलेली असते, पंच प्रत्येक हालचालीकडे पाहून निकाल देतात. मातीतला चांगला पैलवान मॅटवर पहिल्या दिवशी बावचळतोच. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी लंडनमध्ये त्यांना या नव्या पद्धतीचे धडे दिले. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले, इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून ते हरले, आणि शेवटी सहावे आले. वय बावीस, परदेशी पहिलीच स्पर्धा, मॅट अनोळखी, आणि जगात सहावा क्रमांक. दुसरा कोणी असता तर यावरच समाधान मानून मिरवला असता. खाशाबांनी परत येऊन सराव वाढवला आणि वजनाचा गट एक पायरी वर नेला. फ्लायवेटवरून ते बँटमवेटला, म्हणजे ५७ किलोच्या गटात आले.

चार वर्षांनी, १९५२ साली, फिनलंड देशातील हेलसिंकी येथे पुढचे ऑलिंपिक होते. तेथे जाण्याआधी त्यांना दोन लढती जिंकाव्या लागल्या आणि त्या दोन्ही मॅटबाहेरच्या होत्या.

पहिली निवडीची. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी देऊन बाहेर ठेवले गेले, अशी त्यांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज स्वतः खेळांचे शौकीन होते. त्यांनी फेरलढत लावून दिली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्धी निरंजन दास यांना सरळ पाडले. अन्याय झाला म्हणून रुसून घरी बसणे आणि अन्याय झाला म्हणून वर अर्ज करून पुन्हा लढायला उभे राहणे, यांतली दुसरी गोष्ट अवघड असते. अर्ज करणाऱ्याला नंतर जिंकूनही दाखवावे लागते.

दुसरी लढत पैशाची. त्या काळी संघाचा खर्च सरकार उचलेल अशी व्यवस्था नव्हती. वारंवार विनंत्या करूनही मुंबई राज्य सरकारकडून पुरेशी मदत मिळाली नाही. गोळेश्वरच्या लोकांनी आणि घरच्यांनी दारोदार जाऊन वर्गणी गोळा केली. शेतकऱ्यांचे गाव, ज्याला जे जमले ते त्याने दिले. तरी रक्कम पुरी होईना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर बँकेकडे गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले.

या ठिकाणी आम्ही वाचताना थांबलो. इतर वाचकांना हेलसिंकीतली कुस्ती आवडेल, आम्हाला हे पान सर्वात मोठे वाटते. प्राचार्याच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला हे पान दोनदा वाचावे लागते. १९५२ सालचे सात हजार म्हणजे किती, याचा अंदाज आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या. त्या काळात शिक्षकी पेशातल्या माणसाच्या आयुष्यभराच्या बचतीत एखादे घर होत असे. ते घर त्यांनी एका विद्यार्थ्यासाठी धोक्यात घातले. तो विद्यार्थी पदक आणीलच अशी हमी कोणी दिली नव्हती. तोवर स्वतंत्र भारतातल्या एकाही खेळाडूने एकट्याच्या बळावर ऑलिंपिकचे पदक आणले नव्हते. घरच्या मंडळींना खर्डीकरांनी काय सांगितले असेल, याचा विचार आमच्या मनात बराच वेळ घोळत राहिला.

विश्वस्त मंडळासमोर यंदा एक छोटा विषय आहे. जिल्हा आणि राज्य पातळीवर निवड झालेल्या मुलामुलींच्या प्रवासखर्चासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम ठेवावी असा तो विषय. आतापर्यंत ही रक्कम ऐनवेळी शिक्षक आपसात गोळा करतात किंवा पालक उसनवारी करतात. कोणाचे घर गहाण ठेवावे लागेल इतकी ती मोठी नाही. आदिलाबाद, हैदराबाद, फार तर वरंगळपर्यंतचे भाडे आणि दोन दिवसांचे जेवण. निर्णय मंडळाचा आहे. आम्ही फक्त विषयाची आठवण करून देतो.

आता हेलसिंकी. तेव्हाची गुणपद्धत आजच्यापेक्षा वेगळी होती. जिंकणाऱ्याला गुण मिळत नसत, दोषगुण मोजले जात. प्रतिस्पर्ध्याला चीतपट केले तर दोषगुण शून्य, पंचांच्या निर्णयाने जिंकले तर एक, आणि हरले तर तीन. पाच दोषगुण झाले की मल्ल बाद. म्हणजे नुसते जिंकून भागत नसे, स्वच्छ जिंकावे लागे. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना एकामागून एक हरवले. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशी यांच्याशी. ती कुस्ती लांबली, दमछाक करणारी झाली आणि थोडक्यात हातची गेली. हे इशी पुढे त्या गटाचे सुवर्णपदक विजेते ठरले.

त्यानंतर जे घडले ते अनेकांनी असे सांगितले आहे. इशींबरोबरची लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोव्ह यांच्याशी लढायला बोलावले गेले. नियमानुसार दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यायला हवी होती. परंतु ही बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. खाशाबा थकलेल्या अंगाने मॅटवर गेले आणि हरले. ममादबेयोव्हना रौप्य, खाशाबांना कांस्य. दिनांक २३ जुलै १९५२.

त्या अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, यावर कुस्तीच्या जाणकारांनी खूप चर्चा केली आहे. आम्ही त्यात पडत नाही. परंतु खेळाडूबरोबर जाणाऱ्या मोठ्या माणसाचे काम काय असते, ते या प्रसंगातून आमच्या शिक्षकांनी समजून घ्यावे असे वाटते. मुलांना स्पर्धेला नेणारा शिक्षक चहाच्या टपरीवर असेल आणि मुलाचे नाव पुकारले जाईल, तर नियम सांगायला कोण उभे राहणार? त्याच स्पर्धेत माणगावे नावाचे दुसरे मराठी मल्ल फेदरवेट गटात चौथे आले. चौथ्या माणसाचे नाव कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून येथे लिहून ठेवतो.

भारताच्या हॉकी संघाने त्याच हेलसिंकीत सुवर्णपदक मिळवले, त्यामुळे देशातला बराचसा जल्लोष हॉकीच्या वाट्याला गेला. पण कराडकरांनी आपल्या माणसाला विसरू दिले नाही. १५१ बैलगाड्या सजवून खाशाबांची मिरवणूक काढली. ढोल, लेझीम, हलगी, गुलाल, सगळे आले. गोळेश्वरच्या महादेवाच्या देवळापर्यंतची वाट एरवी पंधरा-वीस मिनिटांची. त्या दिवशी तिला सात तास लागले असे घरचे लोक सांगत आले. १५१ बैलगाड्या म्हणजे ३०२ बैल. तिसरीच्या वर्गात गुणाकार शिकवताना हे उदाहरण घ्यायला हरकत नाही, मुलांना ते नक्की आवडेल.

मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी जे पहिले मोठे काम हाती घेतले ते सत्कार घेत हिंडण्याचे नव्हते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या केल्या, त्यांतून जे पैसे मिळाले ते खर्डीकरांना दिले आणि त्यांचे घर गहाणातून सोडवले.

येथपर्यंतचे आयुष्य सांगून थांबले तर भाषणाला उत्तम होईल. स्नेहसंमेलनात पुष्कळ वक्ते अशा ठिकाणी थांबतात आणि टाळ्या घेतात. पण मागच्या पालकसभेत एका पालकांनी आम्हाला सरळ विचारले होते की खेळून पोट भरते का, आणि त्या प्रश्नाला या चरित्राचा उरलेला भाग प्रामाणिकपणे उत्तर देतो. ते उत्तर गोड नाही. तरी पालकांनी तोच भाग जास्त लक्षपूर्वक वाचावा.

ऑलिंपिक पदक मिळवल्यानंतर तीन वर्षांनी, १९५५ साली, खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. खात्याच्या स्पर्धांत त्यांनी कुस्त्या जिंकल्या. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असताना गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि ते स्वप्न तेथेच संपले. पुढे खात्यात बढती मिळायला वर्षानुवर्षे गेली. सुमारे २७ वर्षांच्या नोकरीतली बहुतेक वर्षे ते उपनिरीक्षकच राहिले, निवृत्तीच्या सुमारास सहायक पोलीस आयुक्त झाले आणि १९८३ साली सेवेतून बाहेर पडले. पेन्शनसाठीही त्यांना झगडावे लागले. ज्या माणसाने हेलसिंकीला देशाचे नाव नेले, त्याने उतारवयात कागदपत्रे घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले तेव्हा मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना स्थान मिळाले, तो एक समाधानाचा प्रसंग म्हणावा. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अठ्ठावन्न.

मानसन्मान आले ते नंतर. महाराष्ट्राचा शिवछत्रपती पुरस्कार १९९२-९३ चा, मृत्यूनंतर आठ-नऊ वर्षांनी. केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार २००० सालचा, तोही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत कुस्तीचे जे सभागृह तयार झाले त्याला त्यांचे नाव दिले. महाराष्ट्र शासनाने अलीकडे १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडा दिन म्हणून ठरवला. पद्म पुरस्कार मात्र त्यांना जिवंतपणी मिळाला नाही आणि नंतरही मिळाला नाही. भारताला त्यांच्यानंतरचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ साल उजाडले, अटलांटा येथे लिअँडर पेस यांचे टेनिसमधले कांस्य. मधे ४४ वर्षे गेली. आणि कुस्तीतले पुढचे पदक तर २००८ साली बीजिंगला सुशील कुमार यांनी आणले, ५६ वर्षांनी. भारताला मुष्टियुद्धातले पहिले पदक मिळाले तेही त्याच बीजिंगमध्ये, विजेंदर सिंग यांच्यामुळे. म्हणजे आपल्या मुली आज ज्या खेळाची पुस्तके मागतात त्याचा ऑलिंपिक इतिहास आपल्याकडे अजून कोवळा आहे.

तर पालकांच्या प्रश्नाचे उत्तर असे की त्या काळात खेळाने पोट भरले ते नोकरीमुळे, आणि नोकरीसुद्धा पदकाच्या तोलाची मिळाली नाही. आज परिस्थिती बरीच बदलली आहे. रेल्वे, पोलीस, सैन्य, बँका यांत खेळाडूंसाठी जागा असतात, खुद्द निखत झरीनला तेलंगणा पोलीस खात्यात उपअधीक्षकाच्या दर्जाची नोकरी मिळाली. खाशाबांनी पोलीस उपनिरीक्षकापासून सुरुवात केली होती, ही तुलना ध्यानात घेण्याजोगी आहे. तरीही प्रत्येक खेळणाऱ्या मुलाला हे मिळत नाही. म्हणून शाळेने मुलांना खेळायला पाठवताना अभ्यासाची जबाबदारीही घ्यावी, आणि पालकांनी गुणपत्रिका बघून मैदान बंद करू नये, एवढे आमचे मत आहे. खाशाबा राजाराम कॉलेजात शिकत होते म्हणूनच त्यांना खर्डीकर भेटले, हेही विसरू नये. तालमीतच राहिले असते तर घर गहाण ठेवणारा प्राचार्य त्यांना कोठून मिळाला असता?

आणखी एका माणसाचे नाव येथे घ्यावेसे वाटते, कारण त्यांचा संबंध आपल्या राज्याशी आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात असताना सिकंदराबादला मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या शरीराचा खालचा भाग निकामी झाला. त्यांनी पोहायला सुरुवात केली आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री त्यांना मिळाली २०१८ साली. त्यांच्यावर हिंदी चित्रपटही निघाला, तो मुलांनी पाहिला असेल. चित्रपटात प्रसंग रंगवलेले असतात, तेव्हा त्यांच्याविषयी छापील लेखन मिळाले तर ते आधी वाचावे. एके काळी बॉक्सर असलेल्या या मराठी माणसाबद्दल आमच्या वाचनालयात अजून काही नाही. कोणा पालकांकडे पुस्तक असेल तर शाळेला द्यावे.

आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदीतून झाले. हिंदीत ज्याला जीवनी म्हणतात ते मराठीत चरित्र, आणि आत्मकथा म्हणजे आत्मचरित्र. शब्द थोडे निराळे, पण वाचण्याची रीत एकच, असे आम्ही मुलांना सांगतो. चरित्र वाचताना एक वही जवळ ठेवावी आणि चार गोष्टी लिहाव्यात. तारीख काय, गाव कोणते, पैसे कोणी दिले, आणि हरल्यावर त्या माणसाने दुसऱ्या दिवशी काय केले. खाशाबांच्या चरित्रात या चारही गोष्टींची उत्तरे मिळतात, म्हणून सुरुवातीला ते द्यावे असे आम्ही म्हटले. मेरी कोम यांच्या पुस्तकातही बहुतेक मिळतात. अलींच्या पुस्तकात तारखा शोधाव्या लागतात, पण शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तेथे फार मोठे आहे. युद्धावर जायला नकार दिल्यामुळे १९६७ साली त्यांचे विजेतेपद काढून घेतले गेले आणि ऐन उमेदीची तीन वर्षे त्यांना खेळू दिले नाही. तो भाग अकरावी-बारावीला गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी वाचायला हरकत नाही.

खाशाबांच्या चरित्राची वाचनालयात सध्या एकच प्रत आहे. ती सातवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना आठ दिवसांसाठी घरी मिळेल. नावे शनिवारी शेवटच्या तासाला वाचनालयाच्या नोंदवहीत लिहावीत, ज्याचे नाव आधी त्याला आधी. ज्या पालकांना वाचायचे असेल त्यांनी मुलाच्या नावावर न्यावे, वेगळी वर्गणी नाही. १५ जानेवारीला प्रार्थनेनंतर नववीच्या मुली या चरित्रातील हेलसिंकीचा भाग वाचून दाखवतील. मैदानावर सतरंज्या घालाव्या लागतील, तेव्हा त्या दिवशी पालकांपैकी ज्यांना लवकर येणे जमेल त्यांनी साडेआठपर्यंत यावे.